आधी माप, मग मॉडेल

(गणेशपुरीतल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकाने सातवीतल्या नातीला दिलेला कानमंत्र)

आता तू सातवीत. विज्ञान प्रदर्शनाचा लहान गट सहावी ते आठवीचा, त्यातलं हे तुझं मधलं वर्ष. दिवाळीची सुट्टी संपली की बाई वर्गात विचारतील, "प्रदर्शनाला कोण कोण भाग घेणार?" आणि तू हात वर करशील. करच. पण हात वर करण्याआधी डोक्यात काहीतरी घोळत असू दे. नाहीतर पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. तुझे बाबा मोबाईलवर व्हिडिओ शोधत बसतात, आई कार्डशीट आणायला अंबाडीला जाते, मामा वायरी जोडतो, आणि प्रदर्शनाच्या दिवशी तू टेबलामागे उभी राहून पाठ केलेलं म्हणून दाखवतेस. परीक्षक म्हणून फिरताना अशी टेबलं मी पुष्कळ पाहिली. पोरं गुणी असतात, धडाधडा बोलतात, पण एक प्रश्न जरा वाकडा विचारला की आधी बाबांच्या तोंडाकडे बघतात.

तर सगळ्यात आधी गुण कुठे असतात ते समजून घे. देशपातळीवरचं हे प्रदर्शन एनसीईआरटी १९७१ पासून भरवते. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य आणि मग देश अशी ही चढण. त्यांच्या सूचनांमध्ये १०० गुणांची वाटणी दिलेली असते. मुलांच्या स्वतःच्या कल्पकतेला २०. नावीन्याला १५, शास्त्रीय विचाराला १५, हातकामाला १५, लोकांना होणाऱ्या उपयोगाला १५. कमी खर्च, ने-आण करायची सोय आणि टिकाऊपणा, या सगळ्याला मिळून १०. मांडणी आणि सादरीकरणाला १०.

ही वाटणी पुन्हा एकदा वाच. फ्लेक्स, दिव्यांच्या माळा, टेबलावर अंथरलेलं सॅटिन, पाठ केलेलं भाषण, हे सगळं त्या शेवटच्या दहात बसतं. आणि स्वस्तात करण्याचे गुण त्याच दहाच्या शेजारी बसलेत. म्हणजे हजारो रुपये ओतून मांडणीत दोन गुण मिळवायचे आणि खर्चाच्या खात्यात चार घालवायचे. हा व्यवहार कुठल्याही बाबाला पटवून देणं फार अवघड, मी प्रयत्न करून सोडून दिलेत. तुझ्या बाबांशी मी बोलतो, तू त्यात पडू नकोस.

आता विषय. काही मॉडेलं दरवर्षी येतातच. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, सिरिंजचा जेसीबी, पाऊस आला की आपोआप बंद होणारं छप्पर, हात पुढे केला की झाकण उघडणारी कचरापेटी, वाळू-खडी-कोळशाचं जलशुद्धीकरण. यांत वाईट काही नाही. पण तीच कचरापेटी परीक्षकाने सकाळपासून आणखी तीन टेबलांवर पाहिलेली असते, आणि "सेन्सर कसा चालतो?" असं विचारलं की तिन्ही ठिकाणी तेच वाक्य ऐकू येतं. जेसीबीच करायचा असा कोणाचा हट्टच असेल, तर त्याला सांग की जाड सिरिंज आणि बारीक सिरिंज बदलून बघ. बारीकची दांडी किती दाबली की जाडची किती सरकते आणि किती वजन उचलते ते मांड. तेवढ्याने खेळणं संपतं आणि पास्कलचा नियम सुरू होतो.

प्रश्न निवडायची माझी कसोटी साधी आहे. उत्तर मोबाईलवर सापडलं तर तो धडा. उत्तरासाठी काहीतरी मोजावं लागलं तर तो प्रकल्प.

तुझ्यासाठी प्रश्न दूर शोधायला नको. भीमेश्वराच्या देवळाजवळची गरम पाण्याची कुंडं तू जन्मापासून बघतेस. तुझी आजी काय म्हणते? कुंडाचं पाणी चुलीवरच्या पाण्यासारखं लवकर निवत नाही, त्याची ऊब वेगळीच. गावात निम्मी माणसं हेच सांगतील. पण मोजलंय का कोणी? निदान तुझ्या शाळेत तरी नाही. हाच घे प्रकल्प.

मोजण्याआधी वहीत लिहून ठेव की तुला काय वाटतं: फरक पडेल की पडणार नाही, आणि का. हे मागाहून लिहायचं नसतं. आकडे हाती आल्यावर सगळ्यांनाच आधीपासून ठाऊक असतं.

कुंडावर एकटीने जायचं नाही. मला किंवा आईला घेऊन जा, आणि देवस्थानातल्या माणसांना आधी विचार. कशासाठी पाणी हवंय ते सांगितलं की कोणी नाही म्हणत नाही. गुरुवार, रविवार आणि गुरुपौर्णिमेची गर्दी टाळ. पहाट चांगली, पण तेव्हा आंघोळीला आलेली माणसं असतात, त्यांच्या पायाशी काचेची बाटली नेऊ नकोस. झाकणाचा स्टीलचा डबा घे. सगळ्या कुंडांचं पाणी सारखं गरम नसतं, तेव्हा हात आधी काठावर ओंजळभर पाणी घेऊन बघायचा, सरळ बुडवायचा नाही.

आणि घरातला तापाचा थर्मामीटर कुंडात घालायचा नाही. तो ३५ ते ४२ अंशांपर्यंतच वाचतो, पाणी त्याहून गरम असलं की काच तडकते, आणि जुना असला तर पारा सांडतो. शाळेच्या प्रयोगशाळेत उणे १० ते ११० अंशांचा असतो, तो बाईंकडून वहीत सही करून घे. लाल द्रवाचा मिळाला तर तोच घे.

घरी आणल्यावर आधी त्या थर्मामीटरचीच परीक्षा घ्यायची. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका पेल्यात कालव, दहा मिनिटं थांब आणि बघ तो ० दाखवतो का. मग माझ्यासमोर पातेल्यात पाणी उकळायला ठेवू आणि बघू १०० दाखवतो का. गणेशपुरी समुद्रसपाटीपासून फार वर नाही, म्हणून १०० धरायला हरकत नाही. महाबळेश्वरला हाच प्रयोग केलास तर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळेल आणि थर्मामीटर खोटा बोलतोय असं वाटेल. बर्फात ० ऐवजी २ दाखवले तर थर्मामीटर टाकून द्यायचा नाही. वहीत तसं लिहायचं आणि पुढच्या आकड्यांत तेवढं धरून चालायचं. तालुक्याच्या प्रदर्शनात एखाद्या मुलाने "मी माझा थर्मामीटर तपासून घेतला" असं म्हटलं की परीक्षक खुर्ची ओढून बसतो. त्याला ते वाक्य क्वचित ऐकायला मिळतं.

वाचायची रीत पण शिकून घे. फुगा पाण्यात पूर्ण बुडलेला हवा, पण भांड्याच्या तळाला किंवा भिंतीला टेकलेला नको. द्रव चढायचा थांबेपर्यंत थांब. डोळा त्याच्या टोकाच्या समोर, सरळ रेषेत. वरून बघितलंस तर एक आकडा, खालून बघितलंस तर दुसरा. आणि वाचताना थर्मामीटर पाण्यातच राहू दे. बाहेर काढून उजेडात धरायची सवय फार जणांना असते, तेवढ्यात तो दोन अंश उतरतो.

आता खरा प्रयोग. स्टीलचे दोन तांबे घे, एकसारखे. मोजपात्राने दोन्हींत सारखंच पाणी घालायचं, एकात कुंडाचं, एकात आपल्या विहिरीचं तापवलेलं. घरी येईपर्यंत कुंडाचं पाणी थोडं निवलेलं असणार. म्हणून विहिरीचं पाणी जरा जास्त तापव. ते उतरत उतरत कुंडाच्या पाण्याइतकं झालं की दोन्ही तांब्यांचं घड्याळ एकाच वेळी सुरू कर. दर पाच मिनिटांनी आकडा, तासभर. पंखा बंद. दोन्ही तांबे एकाच पाटावर, दारापासून लांब. खोलीचं तापमानही लिहायचं, ते विसरशील म्हणून वहीच्या पहिल्या रकान्यातच टाक.

आणि एक खुबी. कुठल्या तांब्यात कुठलं पाणी आहे हे तुला माहीत नसलं पाहिजे. धाकट्या भावाला सांग, त्याने तुझ्या पाठीमागे पाणी ओतायचं, तांब्यांवर 'क' आणि 'ख' अशा चिठ्ठ्या लावायच्या आणि कुठलं काय ते स्वतःच्या कागदावर लिहून घडी घालून ठेवायची. तुझं मन कुंडाच्या बाजूचं असेल तर डोळा अर्धा अंश तिकडे झुकतो, हे कोणाच्याही बाबतीत होतं. औषधांच्या मोठमोठ्या चाचण्या याच रीतीने करतात, आणि आपल्याला त्यासाठी फक्त एक भाऊ लागतो. तेवढा तुझ्याकडे आहे.

एकदा करून भागत नाही. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी कर, आणि मध्ये एकदा तांबे अदलाबदल कर. तसं केल्यावर फरकही दुसरीकडे गेला, तर तो पाण्याचा नव्हता, तांब्याचा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. तांब्याऐवजी मातीचं मडकं घेऊन बघायचं असेल तर जरूर बघ, मडक्यातलं पाणी पाझरून बाहेरून उडत असतं म्हणून तिथे गंमत वेगळी येईल. पण तो वेगळा दिवस आणि वहीचं वेगळं पान.

मग आलेखाचा कागद घे. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर तापमान. ठिपके मांडलेस की दिसेल, सुरुवातीला रेषा झपकन खाली येते आणि नंतर रेंगाळते. पाणी आणि खोली यांच्या तापमानातला फरक जेवढा जास्त, तेवढं निवणं जलद. हे न्यूटनने १७०१ मध्ये मांडलं. तुमच्या पुस्तकात ते पुढे कधीतरी येईल, पण ठिपके तू सातवीतच मांडशील.

दोन रेषा एकमेकींवर आल्या तर? माझा अंदाज तसा आहे, कारण या पाण्यात विरघळलेले क्षार निवण्याचा वेग बदलतील इतके नसतात. पण माझा अंदाज वहीत लिहायचा नाही, तुझा लिहायचा. आणि "फरक आढळला नाही" हे पूर्ण उत्तर आहे, ते सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नकोस. पुढचा प्रश्न तर त्याहून छान आहे: मग लोकांना कुंडाचं पाणी निवत नाही असं का वाटतं? कुंडाला खालून सारखं नवं गरम पाणी येत असतं. बादलीला येत नाही. लोक कुंडाची तुलना बादलीशी करतात. हे परीक्षकाला सांगितलंस तर वीस गुणांतले किती मिळतील ते मला विचारू नकोस, पण तो पुढच्या टेबलाकडे लगेच जाणार नाही. आजीला मात्र तूच सांग.

परीक्षक हमखास विचारेल, पाणी गरम का असतं? इथे आपल्याकडची निम्मी मुलं "गंधकामुळे" म्हणतात आणि उरलेली "जमिनीखाली ज्वालामुखी आहे" म्हणतात. दोन्ही चूक. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा, तो पाण्याबरोबर येतो, पाणी तापवत नाही. आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्ह्यातून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच विझली. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल उतरतं. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगांनी वर येतं. हिशोब तूच करून बघ. वरचं पाणी २७ अंशांचं आणि कुंडातलं ५२ अंशांचं निघालं, तर ते निदान किलोमीटरभर खाली जाऊन आलंय. वर येताना थोडं निवतंच, म्हणून 'निदान' म्हणायचं. तानसेच्या काठाने अकलोली, वज्रेश्वरीला हेच पाणी निघतं. आणि ही ओळ इथे थांबत नाही. खाली पालीजवळ उन्हेरे, खेडकडे उन्हवरे, संगमेश्वराजवळ तुरळ, राजवाडी, आरवली, थेट राजापूरपर्यंत गरम झरे आहेत. कोकणाचा एक नकाशा हाताने काढ आणि त्यावर हे ठिपके दे. चार्ट एवढा एकच पुरे.

दुसरा प्रश्नही येईल, जरा अवघड: "कुंडात आंघोळ केली की त्वचेचे रोग बरे होतात, खरं का?" परीक्षक तिथलाच भक्त असेल, किंवा मुद्दाम खोडी काढत असेल. तू सांगायचं, "सर, मी ते मोजलेलं नाही." बास. वाद नाही, होय नाही, नाही नाही. जे मोजलं त्यावर कितीही बोल, जे मोजलं नाही त्यावर एक वाक्य.

तुझ्या मैत्रिणीला वेगळा विषय हवा असेल तर तिला घराभोवतीच बघायला सांग. तिचे काका भिवंडीत लूमवर आहेत ना? खिडकी उघडी, खिडकी बंद, खिडकीवर गोधडी टाकून, अशा तिन्ही वेळी यंत्रांचा आवाज आत किती येतो ते मोबाईलवर मोजता येईल. मोबाईलच्या आकड्याला खरं माप म्हणून छातीठोकपणे सांगायचं नाही, पण एकाच फोनने, एकाच जागेवरून घेतलेले आकडे आपापसांत ताडून बघायला चालतात. किंवा पुढच्या जूनमध्ये दोघी मिळून पर्जन्यमापक करा. सरळ उभ्या भिंतींची बाटली, मान कापून उलटी आत बसवायची, तळाच्या गोल भागात खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्य मांडायचा. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. त्याच खोऱ्यात तुमच्या अंगणात किती मिलिमीटर पडतो, हे तुम्हाला स्वतःला माहीत असलं पाहिजे.

आता वही. शंभर पानी शिवलेली घे, सुट्टे कागद नकोत. पेनाने लिही. चुकलं तर एक रेघ मारायची, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर, खोडरबर, पान फाडणं, तिन्ही बंद. एखाद्या दिवशी आकडे वेडेवाकडे आले तर ते पान सगळ्यात मोलाचं. शेजारी लिही, "आज दार उघडं राहिलं." प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ही वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचा मोह होईल. आई तर म्हणेलच. अजिबात नाही. डाग पडलेली, पाण्याने फुगलेली वही टेबलावर ठेवायची, परीक्षक ती चाळून बघतो. तिच्यात तारखा दिवाळीपासूनच्या असल्या की बोलायचं निम्मं काम आपोआप होतं.

मॉडेलबद्दल मी फार सांगणार नाही. या प्रकल्पाला मॉडेल लागलंच तर खडकाचा उभा छेद कर, भेगा दाखव. पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रं आणि खळ, एवढ्यात होतं. थर्माकोल नको. २०१८ मध्ये राज्यात त्यावर बंदी आली, तरी प्रदर्शनात अजून दिसतो, आणि पर्यावरणाच्या विषयाखाली दिसतो तेव्हा तर हसावं की रडावं कळत नाही. हातकामाला गुण आहेत ते तुझ्या हाताला. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून मुलांना अख्खी भूमिती करून दाखवली. पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात ते अशी खेळणी करत. मोबाईल बघायचाच असेल तर त्यांची खेळणी बघ. एखाद्या कामाला मोठ्यांचा हात लागला, पत्रा कापणं, करवत, डाग देणं, तर लागू दे. विचारलं की सरळ सांगायचं, "पत्रा मामाने कापला, मापं मी दिली." लपवलंस की परीक्षकाला लगेच कळतं, आणि मग जे तू स्वतः केलंस त्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

इतर स्पर्धाही आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. इन्स्पायर-मानकसाठी शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते. निवड झाली तर मॉडेल करायला १०,००० रुपये मुलाच्या नावच्या बँक खात्यात येतात. तिथे कल्पना कुठून उचललीय का ते तपासतात, म्हणून व्हिडिओत पाहिलेलं पाठवून उपयोग नाही. आणि तुझं खातं आत्ताच उघडून ठेवू, आधार जोडून. त्यावाचून अडलेली मुलं मी पाहिली आहेत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून चालते, वय १० ते १७. तिथे मॉडेलापेक्षा परिसरातला अभ्यास आणि अहवाल महत्त्वाचा. कुंडाचा विषय तिथे जास्तच शोभेल. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते, तुझी सहावी झाली, आता नववीला बघू. तालुका कुठला याचा घोळ गावात नेहमी होतो. नदीपलीकडची उसगावची मुलं पालघर जिल्ह्यात जातात, तू ठाणे जिल्ह्यात. शाळा ज्या तालुक्यात, तो तालुका आपला.

प्रदर्शनाचा दिवस. सगळं सामान मांडीवर घेऊन एसटीत बसता आलं पाहिजे, हे माप धरूनच बांध. अंबाडीपर्यंत गाडी इतकी हादरते की फेव्हिकॉल ओला असेल तर भिवंडीला पोचेपर्यंत सह्याद्री वेगळा आणि कोकण वेगळं. पिशवीत कात्री, सेलोटेप, सुतळी, जादा आलेखाचा कागद, दोन पेनं, पुसायला फडकं. विजेवर काहीही अवलंबून ठेवू नकोस. एक्स्टेंशन बोर्डावर चाळीस टेबलं लटकलेली असतात, आणि दुपारी हमखास लाइट जाते. तुझं पाणी विजेशिवाय निवतं, हा तुझ्या विषयाचा मोठा फायदा.

थर्मासमध्ये कुंडाचं पाणी घेऊन जायचं. तिथे शाळेतल्या चहाच्या शेगडीवर दुसरं तापवून घ्यायचं, बाईंना आधी सांगून ठेव. दोन तांबे, दोन थर्मामीटर, भिंतीवर मोठा आलेखाचा कागद. सकाळी तो कोरा. दर पाच मिनिटांनी तू ठिपका देत जायचा. परीक्षक आला की पेन त्याच्या हातात दे आणि म्हण, "सर, हा आकडा तुम्ही वाचा आणि ठिपका तुम्हीच द्या." मोठ्या माणसांनाही हे फार आवडतं, आणि तेवढ्यात त्याला तुझी वही बघायला वेळ मिळतो. खाली बादली ठेव. पाणी सांडणारच, शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या वायरी आधी बघून घे.

बोलणं पाठ करू नकोस. पहिलं वाक्य तेवढं पक्कं ठेव: "कुंडाचं पाणी उशिरा निवतं असं गावात म्हणतात, मी ते मोजून बघितलं." त्यानंतर काय सापडलं ते सांग, मग कसं मोजलं. नमस्कार, माझं नाव, माझ्या शाळेचं नाव, आजच्या युगात विज्ञानाचं महत्त्व, एवढ्यात परीक्षकाची निम्मी मिनिटं संपतात, ती बाकीच्या टेबलांवर संपू देत. आपल्या घरातल्या बोलीत बोल. 'निवणं' म्हण, 'थंड होण्याची प्रक्रिया' नको. फक्त तापमान आणि उष्णता यांची गल्लत नको. तापमान अंशांत असतं, उष्णता म्हणजे पाण्याने दिलेली-घेतलेली ऊर्जा. तांब्यात जास्त पाणी असेल तर तापमान तेच असून निवताना ते उष्णता जास्त देतं. इथे बरेच घसरतात, शिक्षकसुद्धा.

आलं नाही तर "माहीत नाही" म्हण, आणि लगेच पुढे, "पण ते असं शोधता येईल." आधी कोणावर तरी सराव कर. मी नको, मला सगळं आधीच ठाऊक आहे. समोरच्या दुकानातल्या काकांना सांगून बघ. त्यांना दोन मिनिटांत कळलं तर परीक्षकाला कळेल.

निकाल लागेल तसा लागेल. बाकीची टेबलं बघून घे, सगळी, आणि ज्याचं आवडलं त्याला विचार की तू हे कसं मोजलंस. तालुक्यात नंबर आला तर जिल्ह्यापर्यंत थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत दिव्यांच्या माळा आणायच्या नाहीत. परीक्षकाने जे विचारलं आणि तुला आलं नाही, ते मोजायचं. वही कधीकधी शाळेत ठेवून घेतात, म्हणून आधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढून घे. आणि थर्मामीटर बाईंना विचारून मेपर्यंत आपल्याकडे राहू दे. पावसानंतरचे आकडे तुझ्याकडे असतील, कडक उन्हाळ्यातले अजून घ्यायचेत. सुट्टीच असेल, सकाळी मीही येतो कुंडावर.